दारात पडलेली मोटारसायकल

मी एक जुनी, अंगाने चांगलीच भारी मोटारसायकल आहे, मित्रांनो, आणि मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. मी घाटात पडले नाही, हायवेवर ट्रकसमोर पडले नाही. मी पडले ती माझ्या घराच्या दारात, आणि तीही दुडुदुडु चालणाऱ्या पोरापेक्षा कमी वेगात! सांगतानासुद्धा लाज वाटते.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. माझे इंजिन पहिल्यांदा धडधडले तेव्हा आजूबाजूच्या गाड्या गप्प झाल्या, असे मला तरी आठवते. तिथून मी नाशिकला आले. कारभारी अण्णांनी मला सिडकोतल्या आपल्या घरी आणले. अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. रोज सकाळी त्यांना घेऊन मी निघायची ती वाऱ्यासारखी. सुट्टीच्या दिवशी अण्णा त्यांच्या पत्नीला, म्हणजे लंकाबाईंना, मागे बसवून त्यांच्या माहेरी पेठला न्यायचे. घाटातली वळणे आम्ही अशी घ्यायचो की समोरून येणारे लोक वळून बघत. अण्णांच्या हाताला तोड नाही, असे सगळे म्हणायचे. मलाही तसेच वाटायचे.

मग आला तो दसरा. अण्णांनी मला धुतले, पुसले. लंकाबाईंनी हळदीकुंकू वाहिले, हँडलला झेंडूची माळ घातली आणि रिवाजाप्रमाणे माझ्या दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवले. ते चिरडून मी फाटकाबाहेर यायचे आणि लगेच डावीकडे गल्लीत वळायचे, एवढेच काम. शेजारचा रवी मोबाइल धरून उभा होता. अण्णांनी लिंबू नीट चिरडले का ते वाकून पाहिले. मी वळत असतानाच रवी ओरडला, "अण्णा, इकडं बघा, फोटो!"

अण्णांनी रुबाबात तिकडे पाहिले आणि पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेले होते. मी जी झुकले ती थांबलेच नाही. माळेसकट, कुंकवासकट मी आडवी झाले आणि माझ्याखाली अण्णांचा पाय सापडला. त्यांची किंकाळी मी अजून विसरले नाही. घोटा मोडला होता. ज्या माणसाला मी इतकी वर्षे अंगावर घेऊन फिरले, त्याचाच पाय मी मोडावा?

घरात कुणी म्हणाले, दृष्ट लागली. कुणी म्हणाले, लिंबावरून चाक घसरले. लंकाबाईंचे मत मात्र ठाम होते. "ही अवदसा माझ्या दारात नको," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला देऊन टाकते."

अण्णांची मुलगी मनाली मेडिकल दुकानात काम करते आणि स्कूटी चालवते. ती मध्ये पडली. "आई, दिवाळीपर्यंत थांब. मी शिकते हिला चालवायला."

"तू? ही मेली तुझ्या तिप्पट जड हाय!"

"पाय न टेकवता गल्लीतून बाहेर नेऊन परत आणून दाखवते. नाही जमलं तर दे भंगारात."

लंकाबाई कशाबशा कबूल झाल्या. ताडपत्रीखाली उभी राहून मी हे ऐकत होते. माझे जगणे-मरणे एका स्कूटीवालीच्या हातात गेले, या विचाराने माझ्या टाकीतले पेट्रोल थंड पडले.

मनालीची मैत्रीण नाझिया एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. तिने आम्हाला जवळच्या मैदानावर नेले आणि तिथे पहिली गोष्ट काय केली असेल? मला चक्क जमिनीवर आडवी केली! "आधी उचलायला शीक," ती मनालीला म्हणाली. "गाडीकडे पाठ कर, खाली बस, हँडल आणि मागची दांडी धर आणि पायांच्या जोरावर उठ. कमरेनं ओढू नको." मनाली लालबुंद झाली, पण मी उभी राहिले. एवढीशी पोरगी मला उचलेल, हे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

मग नाझियाने विटा मांडल्या आणि त्यांच्यामधून मला वळवायला सांगितले. मनाली पहिल्याच विटेवर आपटली. नंतरही पडली, माझा आरसा फुटला, तिचा गुडघा सोलला. प्लॅस्टर घातलेला पाय पुढे करून अण्णा रिक्षातून बघत होते आणि ओरडत होते, "ब्रेक दाब, पुढचा ब्रेक!"

"काका, तोच तर दाबायचा नाही," नाझिया म्हणाली. "हँडल वळलेलं असताना कमी वेगात पुढचा ब्रेक दाबला, की ही झोपलीच समजा. क्लच अर्धा धरायचा, इंजिनाला थोडा जोर द्यायचा आणि मागच्या ब्रेकनं चाल आवरायची. आणि मनाली, विटेकडं बघू नको, जिथं जायचंय तिथं बघ."

मी थक्क झाले. म्हणजे दृष्ट नव्हती, लिंबूही नव्हते! अण्णांचा चेहरा तर बघवत नव्हता. "मी इतकी वर्षं हिला पळवली," ते हळूच म्हणाले, "पण चालवायची कशी ते मला म्हाईतच नाय."

वसुबारसेच्या दिवशी भंगारवाल्याची हातगाडी खरोखरच गल्लीत येऊन उभी राहिली. दोन्ही बाजूंना स्कूटर, मधे ओल्या रांगोळ्या. मनालीने मला बाहेर काढले. मी इतकी हळू चालले की माझे मलाच नवल वाटले. वळणावर शेजारची छोटी सृष्टी आकाशकंदील घेऊन एकदम आडवी आली. माझा जीव उडाला. मनालीने आधी हँडल सरळ केले, मग ब्रेक लावला, आणि मी सृष्टीच्या पुढ्यात ताठ उभी राहिले. थांबल्यावरच मनालीचा पाय टेकला. त्याला कोण नावे ठेवील? गल्लीच्या टोकाला वळून आम्ही परत दारात आलो.

लंकाबाईंनी हातगाडीवाल्याला हातानेच जायला सांगितले. मग पदर खोचून त्या माझ्याजवळ आल्या आणि मागे बसल्या. "चल, मला फिरवून आण. पण अशीच, हळू. तुझ्या अण्णांच्या मागं मी कायम डोळे मिटून बसले. वाटायचं, आज काय मी वाचत नाय."

कुबडीवर टेकून उभे असलेले अण्णा पार गोरेमोरे झाले. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"दर वेळी बोलले. हिच्या आवाजात तुम्हाला ऐकू कुठं यायचं?"

मित्रांनो, मी दारात पडले तेव्हाही मला एवढा धक्का बसला नव्हता. ज्या आवाजाचा मला गर्व होता, त्याच्याखाली एक बाई जीव मुठीत धरून ओरडत होती, आणि मला वाटत होते की आमची सहल चालली आहे!

दिवाळीनंतर मनाली लंकाबाईंना घेऊन पेठला निघाली. घाटात आम्ही सावकाश वळत होतो. एका वळणावर लंकाबाईंचा हात मनालीच्या खांद्यावरून सुटला आणि दरीतल्या नाचणीच्या शेताकडे गेला. "अगं, नागली पिकलीय बघ खाली! नको, तू नको बघू. तू समोर बघ, मी बघते."

मित्रांनो, माझ्यासारख्या गाडीला तुम्ही धुवा, पुसा, वेळेवर तेल घाला, आणि पळवण्याआधी हळू चालवायला शिका. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मधेच कुठेतरी इंजिन बंद करा आणि मागे बसलेल्या माणसाला विचारा, तुला भीती वाटते का? आणि उत्तर मिळेपर्यंत मला सुरू करू नका.