आईचं आडनाव

तुरुंग रिकामा करायचा हुकूम सोमवारी आला आणि गुरुवारी दुपारी कैद्यांना डोंगरातल्या तुरुंगात नेणारी शेवटची बस निघाली. बंदरातल्या त्या जुन्या तुरुंगात परदेशी कंपनीला सिनेमा काढायचा होता. कोठडीत बसून बँक लुटणाऱ्या एका गोऱ्या चोराची गमतीदार गोष्ट.

मी तिथली प्रयोगशाळा सांभाळत असे. सगळे मला ‘किमिका’, म्हणजे रसायनवाली, म्हणत. क्षयाचे उपचार चालू असलेला एकच कैदी त्या वेळी आमच्याकडे होता, नाबोर तेपोले लूना. चार महिने झाले होते, दोन राहिले होते. थुंकीचा शेवटचा नमुना स्वच्छ आला की त्याची मुलगी सेलेने भेटीला येणार होती. ती तो आत आल्यावर जन्मली. त्याने तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं.

मी दोन महिन्यांच्या गोळ्यांचा खोका बांधला. बस सिनेमावाल्यांनी केल्या होत्या, म्हणून याद्याही त्यांच्याच ऑफिसने छापल्या होत्या. खोक्यावरचं नाव मी त्या यादीवरून उतरवलं आणि तो स्वतः बसमध्ये ठेवला.

मला मात्र तिथेच थांबवलं. दवाखान्यात काही प्रसंग घ्यायचे होते आणि नटाला सल्ला द्यायला कोणीतरी हवं होतं. नट म्हणजे कोल डेव्हरो. दोन वर्षांपूर्वी तो एका मुलाखतीत म्हणाला होता की सीमेच्या आमच्या बाजूने रोगराईच चालत येते. त्यानंतर त्याला काम मिळेना. सिनेमा आमच्याकडे काढला की ते बोलणं धुऊन निघेल, असं कोणाला तरी वाटलं असावं.

सातव्या आठवड्यात नाबोरची आई हर्मिनिया फाटकाशी आली; मोठ्या बाईला आम्ही मानाने ‘दोन्या’ म्हणतो. बाहेर सिनेमासाठी भेटीच्या दिवसासारखी बायकांची रांग लावली होती, ती सवयीने तिच्यात उभी राहिली. कपडेपटातल्या मुलीने तिच्या खांद्यावर खाकी शाल टाकली.

“हा रंग? अगं पोरी, भेटीला हा रंग घालून आलं तर शिपाई फाटकातूनच हाकलतात. कैद्यांचा रंग हा. संध्याकाळी कोणाला बाहेर सोडायचं ते कळायला नको?”

“दोन्या, सिनेमा आहे हा.”

“मग मला कशाला सजवतेस? मी खरी आहे.”

“खऱ्यांनाही आज जेवण फुकट आहे, उभ्या राहा!” मागची एक म्हणाली आणि रांग हसली.

शाल मुलीच्या हातात कोंबून ती माझ्याकडे आली. बसली नाही.

“नाबोर रक्त थुंकतोय, किमिका. तुम्ही औषध पाठवलंच नाही.”

“पाठवलं, दोन्या.”

“तिथे तेपोलेच्या नावाचं काहीच आलेलं नाही. मी नऊ तास प्रवास करून विचारून आले.”

मी यादी काढली. तिच्यावर ‘लूना, नाबोर ते.’ असं होतं. छापणाऱ्याने शेवटचा शब्द आडनाव धरला होता. आमच्यात आधी वडिलांचं आडनाव येतं, शेवटी आईचं; माणूस शोधतात तो वडिलांच्या आडनावाने. रोज सकाळी हजेरीला शिपाई “तेपोले लूना!” असं ओरडतो आणि कैदी “नाबोर!” म्हणतो. चौदा वर्षं मी ती हजेरी ऐकत होते. तरी खोक्यावर मी ‘लूना’ लिहिलं. यादी छापील होती, म्हणून मी ती तपासली नाही.

मी तिथल्या दवाखान्यात फोन लावला. कारकून फार अदबीने बोलत होता.

“लूना? हो हो, आला होता एक खोका. महिनाभर पडून होता. त्या नावाचा कैदीच नाही, मग नियमाप्रमाणे नष्ट केला.”

“आणि तेपोले?”

“त्याला डॉक्टर आमच्या कपाटातल्या लाल कॅप्सूल देतात की. रोज, न चुकता.”

“फक्त लाल?”

“तेवढ्याच होत्या, बाई.”

दोन औषधं बरोबर देतात, कारण एकातून वाचलेला जंतू दुसऱ्याने मरतो. एकटी लाल कॅप्सूल देणं म्हणजे ती पचवायला जंतूंची शिकवणी घेणं. त्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं.

तेवढ्यात मला चित्रीकरणाला बोलावलं. “जाऊन या,” दोन्या म्हणाली. “मी कुठे पळतेय?”

डेव्हरो नाबोरच्याच खाटेवर पडला होता. कॅमेरा चालू होईपर्यंत त्याने मास्क काढला नाही. ती खोली सात आठवडे रिकामी होती आणि खिडकीतून दिवसभर ऊन येत होतं. तिथे एकही जंतू जिवंत असणं शक्य नव्हतं. मी तसं सांगितलं. दुभाष्याने ते त्याला सांगितलं की नाही, कोण जाणे.

“इथला माणूस खोकायचा कसा, ते विचारतायत,” दुभाष्या म्हणाला.

“हळू. उशीत तोंड खुपसून. शेजारचा जागा होऊ नये म्हणून.”

दिग्दर्शकाने मान हलवली. एवढ्याने प्रेक्षकांना हसू येणार नाही. मग डेव्हरो खाट हलेपर्यंत खोकला आणि सगळे हसले. आठ वेळा. मी तिथे उभी राहिले. निघून जाता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवीन गोळ्या घेऊन मी दोन्याबरोबर डोंगरातल्या तुरुंगात गेले, लाल कॅप्सूल बंद करवल्या आणि नाबोरचा नमुना आणला. त्याने सेलेनेबद्दल विचारलं. तिला दात आले, असं आई म्हणाली.

तपासणीला पाच आठवडे लागले. निकाल आला तेव्हा सिनेमावाले दिवे उतरवत होते. मी तो घेऊन दोन्याच्या घरी गेले.

“लाल कॅप्सूल आता त्याला लागू पडणार नाही.”

“मग दुसरं काही द्या.”

“दुसरी औषधं आहेत. अठरा महिने घ्यावी लागतील.”

तिने बोटांवर महिने मोजले. “शिक्षा तर दहाच महिने राहिलीय.”

“हो.”

“म्हणजे सुटून आला तरी पोरीला घ्यायचं नाही?”

“नमुने स्वच्छ येईपर्यंत नाही. लवकर येऊ शकतील. येतीलच असं मी सांगू शकत नाही.”

“कोणी केलं हे?”

“खोक्यावर नाव मी लिहिलं, दोन्या.”

मग तिने मागच्या अंगणाचं दार उघडलं. “सुनेला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.”

सून कपडे पिळत होती. सेलेने बादलीला धरून उभी होती. मी अठरा महिने म्हणाले. सुनेने पुन्हा विचारलं, नीट ऐकू आलं नसावं तसं. मी पुन्हा सांगितलं.