निळ्यात न बुडवलेली चाळण

ओम्ब्रेत्ता आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि मी सदतीस. माझी नोकरी तोवर एकोणीस वर्षांची झाली होती. तिला हे काम मीच शिकवलं. म्हणूनच पुढे ती माझ्या डोळ्यांत जास्त खुपायला लागली.

काम असं की आमच्या डोंगरातल्या चुनखडीच्या थरांमधून मऊ मातकट पट्ट्यांचे तुकडे यायचे. ते औषधाच्या पाण्यात भिजवायचे, विरघळले की बारीक चाळणीवर धुवायचे, आणि चाळणीत उरलेली रेती वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पसरायची. नुसत्या डोळ्यांना ती रेतीच वाटते. पण ती असते समुद्रात तरंगणाऱ्या जिवांची कवचं, नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीची. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून काळ्या पट्टीवरच्या चौकटींत लावायचं. जात ओळखायची, मोजायचं. दिवसाला तीनशे कवचं उचलली की मान धरायची.

आमच्या थरांमध्ये एक काळा पट्टा आहे, हातोडी मारली की कुजक्या माशाचा वास येतो. समुद्राच्या पाण्यातला प्राणवायू संपला होता, त्या काळाचा तो गाळ. प्रोफेसोरे ब्रुनोरी नवीन मुलींना सांगायचे, "त्या समुद्राला डायरी लिहायची सवय नव्हती. ही कवचं हीच त्याची डायरी." काळ्या पट्ट्याच्या खाली मोठी, कडेला कंगोरा असलेली कवचं भरपूर सापडत. ते जीव खोल पाण्यात राहायचे. खालचं पाणी गुदमरलं तसे ते संपले. पट्ट्याच्या वर फक्त बारकी, साधी, गोल कवचं, वरच्या पाण्यात तगलेली. काळ्या पट्ट्याचे नमुने प्रोफेसोरे फक्त मला द्यायचे. हा मान मी कुणाला बोलून दाखवला नाही. पण तो मला चांगला ठाऊक होता, आणि इतरांनाही ठाऊक असावा अशी माझी तजवीज होती.

ओम्ब्रेत्ताला चष्मा नव्हता. काम करताना गुणगुणायची. कुंचल्याचे केस उपटून तिने तीनच ठेवले होते आणि त्या तीन केसांनी ती माझ्यापेक्षा लवकर उचलायची. मी शिकवलेली मुलगी!

"हात बघा हिचा," प्रोफेसोरे एकदा तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "लेस विणणाऱ्या बाईचा हात आहे."

"माझी आजी विणायची, प्रोफेसोरे," ती मान वर न करता म्हणाली. "मला मात्र साधं बटण लावता येत नाही."

सगळे हसले. माझा हात कसा आहे, हे एकोणीस वर्षांत त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

आता चाळणीचं सांगते. चाळणीच्या जाळीत कवचं अडकून राहतात, कितीही घासा. म्हणून प्रत्येक नमुना धुतला की चाळण निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. आधीच्या नमुन्यातलं काही राहिलंच तर ते निळं होतं. पुढच्या रेतीत निळं कवच दिसलं की समजायचं, हा पाहुणा आहे, याला मोजायचं नाही. एवढा एक नेम. निळ्या पाण्याने आमची नखं कायम रंगलेली असायची, बेकरीतला पोरगा सुट्टे पैसे देताना चिडवायचा.

त्या मंगळवारी मी पट्ट्याच्या बऱ्याच खालचा नमुना धूत होते. जाळीत कंगोऱ्यावाली कवचं खच्चून भरलेली. तेवढ्यात प्रोफेसोरे आत आले. हातात कापडी पिशवी, पट्ट्याच्या लगेच वरचा नमुना. मी हात पुसून पुढे झाले. ते माझ्या शेजारून पुढे गेले आणि पिशवी ओम्ब्रेत्ताच्या टेबलावर ठेवली.

"हा थर तू कर. तुझी नजर ताजी आहे."

माझी नजर शिळी झाली होती, हे मला तेव्हा कळलं. मी चाळण नळाखाली धरली, आपटली, खुंटीला टांगली आणि अंगणात जाऊन बसले. साडेदहालाच डबा उघडला. क्रेश्याची जाड भाकरी आणि चिकोरीची कडसर पालेभाजी होती. परत आले तर ओम्ब्रेत्ता चाळण हातात घेऊन उभी.

"नाझ्झारेना, बुडवलीस ना?"

मला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं असंही म्हणवत नाही. बुडवली नव्हती, हे हातांना माहीत होतं. पण तिने मला विचारावं?

"तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून बुडवतेय," मी म्हणाले.

"झालं, झालं, चावू नकोस," ती हसली आणि नळ सोडला.

सहा दिवसांनी ओम्ब्रेत्ताची आरोळी ऐकू आली. वरच्या नमुन्यात कंगोऱ्याची मोठी कवचं. एक नाही, सात. प्रोफेसोरे धावत आले, डोळा भिंगाला लावला आणि म्हणाले, "जगले! गुदमरलेल्या समुद्रातून हे खोलवरचे जगून निघाले. पोरी, आपण सगळे इतकी वर्षं चुकीचं शिकवत होतो."

बोलोन्या शहरात दोन आठवड्यांनी परिषद होती. निबंधावर ओम्ब्रेत्ताचं नाव येणार होतं, प्रोफेसोरेंच्या नावाशेजारी. माझं नाव आजवर कुठे आलं असेल तर शेवटच्या ओळीत, आभारांमध्ये, तेही नुसतं 'सहायिका'.

सगळे जेवायला गेले तेव्हा मी ती कवचं लावलेली पट्टी भिंगाखाली धरली. नमुन्यातल्या बाकीच्या बारक्या कवचांच्या पोटात तांबूस गंज होता, काळ्या पट्ट्याजवळच्या कवचांत असतोच. या सातांच्या पोटात मात्र पांढरा शुभ्र चुना. ही माझी होती. माझ्या चाळणीतली, खालच्या थरातली. दुसऱ्या कुणाला ते ओळखू आलं नसतं. एकोणीस वर्षं मी त्यांच्यातच काढली होती.

तुम्हाला वाटेल, मी घाबरले. घाबरलेच. पण त्याआधी आनंद झाला, उकळीसारखा वर आला. तिचा शोध माझ्या एका वाक्याने संपणार होता. फक्त त्या वाक्यात चाळण माझी होती. तिचं नाव पुसायचं तर माझा हात काळा होणार. तीन दिवस मी गप्प राहिले. घरी आई म्हणाली, दात दुखतोय का तुझा?

चौथ्या दिवशी ओम्ब्रेत्ता नवा कोट घालून आली, गडद हिरवा. बोलोन्यासाठी. "प्रोफेसोरे म्हणतात, मीही मंचावर उभं राहायचं," ती माझ्यासमोर गिरकी घेत म्हणाली. "खरं सांग, पाठीवर फुगतो का?"

"नाही," मी म्हणाले. फुगत नव्हताच. तेच तर.

अकराच्या सुमाराला मी प्रोफेसोरेंच्या खोलीत गेले. "ती सात कवचं माझ्या चाळणीतली आहेत. मंगळवारी मी चाळण निळ्यात बुडवली नव्हती." गंजाचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं. ते उठून गेले, स्वतः भिंगातून पाहिलं, परत येऊन खुर्चीत बसले. चेहरा पांढरा झाला होता.

"बोलोन्यात सगळ्यांसमोर माझं हसं झालं असतं," ते म्हणाले. मग उठून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "स्वतःची चूक स्वतः येऊन सांगायला काळीज लागतं, नाझ्झारेना."

दारात ओम्ब्रेत्ता उभी होती. अंगात तो कोट तसाच. प्रोफेसोरे तिच्याकडे वळले. "आणि तू? दुसऱ्याची चाळण घेताना विचारायचं नसतं का? पहिल्या दिवशी हेच शिकवतात ना?"

ओम्ब्रेत्ताने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती वाट पाहत होती. एक वाक्य, तेवढंच माझ्याकडून हवं होतं. मी टेबलावरच्या दगडांकडे पाहत राहिले.

"चुकलं, प्रोफेसोरे," ती म्हणाली.

तिने तो नमुना नव्याने धुतला. मोठं कवच एकही निघालं नाही. काळ्या पट्ट्याच्या पिशव्या पुन्हा माझ्या टेबलावर यायला लागल्या. आठवड्याभरात ती पुन्हा गुणगुणायला लागली, आणि मला तेही सहन होईना. तिने रडावं, भांडावं, निदान कुणाला सांगावं. तिने कुणालाच सांगितलं नाही. पुढची वीस वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर बसलो.

नवीन मुलगी आली की तिला माझी गोष्ट सांगितली जायची. बघ, प्रामाणिकपणा असा असतो! मी नाही म्हणत नसे.

मी निवृत्त झाले तेव्हा प्रयोगशाळेने गावाबाहेरच्या खानावळीत जेवण दिलं. प्रोफेसोरे म्हातारे झाले होते, काठी टेकत उभे राहिले आणि पुन्हा तीच गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. ओम्ब्रेत्ताही टाळ्या वाजवत होती. माझ्या समोरच बसली होती, केस अर्धे पांढरे.

"दोन शब्द बोल, नाझ्झारेना!" सगळे ओरडले.

मी उभी राहिले. "गोष्ट अर्धीच आहे," मी म्हणाले. "ओम्ब्रेत्ताने विचारलं होतं, बुडवलीस का म्हणून. मी हो म्हणाले. खोटं बोलले. आणि नंतर येऊन सांगितलं ते शास्त्रासाठी नाही. हिचं नाव छापून येणार, ते मला बघवत नव्हतं."

टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी हसलं, आणि सगळेच हसले. "बघा, आजही स्वतःकडे कमीपणा घेतेय!" प्रोफेसोरेंनी डोळे पुसले. पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात.

ओम्ब्रेत्ता हसली नाही. तिने हात लांब करून माझा पेला वाइनने भरला.

"बस आता," ती हळूच म्हणाली. "मी ऐकलं."

आणि खरं सांगते, त्या वेळीही मला तिचा हेवाच वाटला.