पोशीरचा बेलभंडारा

नागू गुरवाने भैरोबाच्या गाभाऱ्यातून ताम्हन आणले आणि सभामंडपाच्या मधोमध, आमदारांच्या पुढ्यात ठेवले. ताम्हनात बेलाचे एक हिरवेगार पान होते आणि त्यावर मूठभर भंडारा. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसलेली आमदारांची बायको, जयवंता, ते पाहून ताठ बसली.

तोवर सगळे रीतीप्रमाणे चालले होते. नारळ फुटला, हार घालून झाला, भिवाजीचे भाषण झाले. दोनदा निवडून आलेला माणूस तिसऱ्यांदा मते मागताना जसे बोलतो तसेच तो बोलला. आणलेल्या रस्त्याचे सांगितले, येऊ घातलेल्या विजेचे सांगितले, मुंबईत कोणाकोणाशी आपली ऊठबस आहे तेही सांगून झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गावातले सगळ्यांत वयस्कर धाऊबाबा काठी टेकत उठले होते.

"सायेब, रस्ता केलात, बरं केलंत. पन आमची गुरं आता चरायची कुठं? गुरचरणाचा माळ कारखान्याला दिला म्हनतात. आन तुमी हो म्हनलात म्हनून दिला, असं बी म्हनतात."

"खोटं आहे," भिवाजी म्हणाला. "विरोधकांनी उठवलेली आवई आहे ही."

"मंग बेलभंडारा उचला. म्हना, मी हो म्हनलो नाय. आमाला दुसरं कायसुदीक नको. सगळं गाव तुमच्याच चिन्हावर शिक्का मारंल."

भिवाजी मांडी नीट घालत म्हणाला, "आणा."

जयवंताला त्याच्या आवाजात भीती ऐकू यायला हवी होती. ती आली नाही.

गेल्या श्रावणात कर्जतला तिच्याच घरात, ओटीवरच्या खुर्च्यांवर कारखान्याचा माणूस बसला होता. त्याच्यासोबत मुंबईहून आलेला एक अधिकारी होता. ती चहाचे कप घेऊन बाहेर आली तेव्हा भिवाजी म्हणत होता, "माझी काही हरकत नाही. गावाचं मी बघतो." तिने कप ठेवले आणि आत गेली. माळ कुठला, गाव कुठले, हे तिला नंतर कळले. नवऱ्याला तिने एका शब्दाने विचारले नाही. आमदाराच्या बायकोने काय ऐकायचे आणि काय ऐकले नाही म्हणायचे, हे इतक्या वर्षांत तिच्या अंगवळणी पडले होते.

पण बेलभंडाऱ्याची गोष्ट वेगळी. तो उचलून माणूस खोटे बोलला तर ते त्याला स्वतःला लागत नाही. ते त्याच्या घरातल्या लेकराबाळांना लागते. तिच्या माहेरी एकाने बांधाच्या भांडणात तो उचलला होता आणि त्याच पावसाळ्यात त्याच्या घरचा पाळणा रिकामा झाला. योगायोग म्हणणारे म्हणोत बापडे. ती त्या घराच्या शेजारी वाढली होती.

आणि आज तिच्या घरात हिरू होती. लेकीची आधीची दोन पोटे टिकली नव्हती. हे तिसरे सगळ्या देवांना हात जोडून नवव्या महिन्यापर्यंत आले होते, आणि पहिल्या बाळंतपणाला म्हणून हिरू पळसदरीहून माहेरी आली होती. सकाळी जीपमध्ये बसताना जयवंताने तिला भिजवलेले वाल सोलत बसलेले पाहिले होते. बसता येत नव्हते तिला धड, तरी हौस होती.

भिवाजीने शर्टाची बाही वर सारली.

याच देवळात त्याची पहिली सभा झाली होती. तेव्हा जीप नव्हती. धाऊबाबांच्या बैलगाडीतून तो गावोगाव फिरायचा आणि वाटेत शेंदूर फासलेला दगड दिसला तरी खाली उतरायचा. "वीज आणीन म्हणा, सायेब," असे लोकांनी परोपरीने सांगितले, पण देवासमोर बसून तसे म्हणायला हा गडी तयार होईना. "खटपट करीन," एवढेच म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्या घामावरच पोशीरने त्याला मते दिली, असे धाऊबाबा पुढे हसत सांगायचे. ती भीती त्याच्या अंगातून कधी निघून गेली, हे जयवंताला कळलेच नव्हते. एका घरात राहून, त्याच्या ताटात रोज वाढूनही कळले नव्हते.

उठावे, ओरडावे, ताम्हन लाथेने उडवावे, असे तिला वाटले. पण तिने नुसता खांब घट्ट धरला. मनात ती भैरोबाला एकच सांगत होती: माज्यावर घे, माज्यावर घे.

भिवाजीचा हात पुढे गेला. बोटे भंडाऱ्याला टेकणार, एवढ्यात धाऊबाबांनी पुढे वाकून त्याचे मनगट धरले.

"ऱ्हाऊ दे, भिवा," ते हळू म्हणाले. 'साहेब' त्यांच्या तोंडून गळून पडला होता. "घरात लेक बाळंतपणाला आलीय ना तुज्या? ऱ्हाऊ दे. तू हात पुढं केलास, आमाला कळलं."

नागू गुरवाने ताम्हन उचलले आणि तो गाभाऱ्यात गेला. पुरुष एकेक करून उठले, टोप्या झटकू लागले. कोणी घोषणा दिली नाही. बायका मात्र जयवंताभोवती जमल्या. एकीने तिला कुंकू लावले, दुसरीने हिरूसाठी म्हणून नारळ आणि तांदूळ तिच्या ओटीत घातले. एका म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. "जप हो पोरीला," म्हणाली. सुतक असलेल्या घरी बायका बोलतात तशा त्या हलक्या आवाजात बोलत होत्या. जयवंताला सगळे समजले. घरात भरल्या दिवसांची लेक असूनही ज्याचा हात अडखळला नाही त्याला देवाची भीती उरली नाही, हे गावाने ओळखले होते. धाऊबाबांनी तिची लेक वाचवली होती, आणि पोशीरची मते गेली होती. मतांचे तिला त्या क्षणी काडीचेही वाटले नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि जीपकडे चालू लागली.

जीप मालोजी चालवत होता. गाव मागे पडले तसा भिवाजी पाय पसरून बसला आणि हसला.

"पायलंस? म्हातारा इरघळला. हात धरला माजा! इस्वास हाय गावाचा. पोशीर खिशात."

"हो सायेब," मालोजी म्हणाला. त्याने रस्त्यावरून नजर काढली नाही.

जयवंता ओटीतला नारळ घट्ट धरून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "तुमी उचलला असतात?"

"काय?"

"बेलभंडारा."

"अगं, उचलायलाच तर हात पुढं केला. पाला आन हळद ती."

"हिरू घरात हाय."

"म्हनून काय झालं?" त्याने तिच्याकडे वळून पाहिले. रागावला नव्हता. लहान मुलाला समजावतात तसे म्हणाला, "तुज्यासारकी मानसं असल्या गोष्टीला भितात, म्हनून तर त्याला किंमत. ह्या वेळी निवडून आलो की मंत्रिपद हाय, जयवंता. शब्द दिलाय मला. ते काय तुमच्याचसाठी ना?"

मग तो मालोजीकडे वळला. "उद्या चौकला हाच सवाल निघनार. आजच निरोप धाड. देवळात ताम्हन तयार ठेवा म्हनावं. कोन मागायची वाट नाय बघायची. आपनच म्हनायचं, आना बेलभंडारा. भर सभेत उचलतो. मंग बघू कोन तोंड उघडतो ते."

जयवंताच्या जिवात आलेला जीव पुन्हा गेला. पोशीरला धाऊबाबा होते. चौक हे हमरस्त्यावरचे गाव. ढाबे, गॅरेज, दहा ठिकाणांहून येऊन टपऱ्या टाकलेली माणसे. तिथे कोणाच्या घरी कोण बाळंतपणाला आले आहे, याची चौकशी कोण करणार? तिथे त्याचा हात कोणी धरणार नव्हते. त्याला अडवणे तिच्याच्याने होणार नव्हते. तिने त्याला कधी अडवलेच नव्हते, आणि आता सुरुवात केली तर तो हसेल, एवढेच होईल.

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. हिरूने कूस बदलली, कण्हली, की ती उठून बसे. पोटावर हात ठेवून बाळ हलते का पाही.

सकाळी भिवाजीची जीप चौकाच्या रस्त्याला लागली आणि जयवंताने हिरूची पिशवी भरायला घेतली.

"आई, कुठं जायचं?"

"पळसदरीला. तुज्या घरी."

हिरू बघतच राहिली. "आता? दिवस भरलेत माजे. पयली येळ माहेरीच असती ना?"

"चल म्हनते ना."

"माजं काय चुकलं का गं?" हिरूने पिशवीचा बंद धरला. "बाबा काय बोलले का?"

"तुजं काय बी चुकलं नाय." जयवंता तिच्या केसांतून फणी फिरवत राहिली. लेकीला आपला चेहरा दिसू नये म्हणून पाठीमागेच बसली होती. "लगीन लावून दिलं तवा तू त्यांची झालीस. त्यांचं कूळ, त्यांचं घर. त्या घरात जा आन सुखानं बाळंत हो. मला दुसरं काय नको."

देवाच्या दरबारात असला हिशेब चालतो की नाही, कोण जाणे. दिल्या घरची लेक बापाच्या छपराखाली नसली तर बापाच्या शपथेतून सुटते, असे तिला कोणी सांगितले नव्हते. पण जीव घाबरला की माणूस देवाच्या घरातही पळवाट शोधतो, आणि तिला हीच एक सापडली होती.

खोपोलीच्या गाडीने एकच स्टेशन. तरी हिरूला डब्यात चढवताना आणि उतरवताना जयवंताने तिचा दंड सोडला नाही. स्टेशनापासून घरापर्यंत दोघी थांबत थांबत गेल्या. भाताच्या मोकळ्या खाचरांत वाल तरारला होता. ऊन चढले होते. आता सभा सुरू झाली असेल, आता नारळ फुटला असेल, असे तिच्या मनात सारखे येत होते. ती हिरूला म्हणे, "जरा उचल पाय, बाय." आणि लगेच म्हणे, "नको, हळू चल."

विहीण गौराबाई अंगण सारवत होती. या दोघींना पाहून ती शेणाचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

"अगं बाई! हे काय, विहीणबाई? भरल्या दिसांची पोर परत आनलीत? लोक काय म्हनतील?"

"म्हनू देत. तुमची हाय, तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

गौराबाईने तिच्याकडे नीट पाहिले. घामेजलेले तोंड, रात्रभर न मिटलेले डोळे. गौराबाईचा आवाज खाली आला.

"काल पोशीरला धाऊबाबानी सायबांचा हात धरला, म्हनं."

"हो."

"आज कुठं हायेत सायेब?"

"चौकला."

गौराबाई लगबगीने आत गेली, हात धुतले आणि भाकरीचा तुकडा व तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली. हिरूला उंबऱ्याशी उभी करून तिने तो तुकडा तिच्यावरून ओवाळला आणि दूर कुंपणापलीकडे भिरकावला. तिच्या पायांवर पाणी घातले.

"ये गं बाय. उजवा पाय टाक. आपल्या घरात ये."

हिरू भिंतीला धरून आत गेली. जयवंताने छातीत धरून ठेवलेला श्वास सोडला.

"तुमी बी या की आत," गौराबाई म्हणाली. "उन्हाच्या आलात. घोटभर च्या तरी घ्या."

जयवंता सारवलेल्या अंगणाच्या बाहेरच उभी होती. तिने पदर डोक्यावर ओढला.

"नको, विहीणबाई," ती म्हणाली. "मी त्या घरची हाय."