धुवायच्या राहिलेल्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे 'सोवळी' म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. दाराची कडीसुद्धा ती कोपराने उघडायची. अशा बाईच्या वाट्याला जंतूंचं काम यावं, आता काय बोलायचं!

काम तसं सरळ होतं. बशीत डेंड्रिटिक पेशी घ्यायच्या. या म्हणजे शरीराच्या पहारेकरणी. त्यांना विषाणूचा तुकडा दिला की तो अंगावर मिरवत त्या टी पेशींना, म्हणजे शरीराच्या शिपायांना, दाखवतात. पण नुसतं दाखवून टी पेशी ढिम्म हलत नाहीत. पहारेकरणीने स्वतः हादरून 'धोका आहे' असं बजावलं, तरच त्या लढायला कंबर कसतात. म्हणून तुकड्यासोबत मेलेल्या जंतूंचा अर्क टाकायचा, पहारेकरणींची झोप उडवायला.

सोवळी अर्क टाकायची, पण आपल्या पेशींत ती घाण तिला बघवत नसे. अर्ध्या तासात तीनदा धुऊन मोकळी! तीन प्रयोग फसले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "पेशी काढायला रक्ताची शेवटची नळी उरलीय. शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही, तर हे काम बंद." चार वर्षं पाण्यात जाणार होती.

शेवटच्या खेपेला अर्क टाकला आणि फोन वाजला. पलीकडून आई ओरडत होती, "अगं, ताईला कळा सुरू झाल्यात! जावई नुसते चपला शोधतायत, तू ये!" सोवळी जी सुटली, ती पांढऱ्या कोटासकट. पेशी धुवायच्या राहिल्या, हे तिला आठवलं दुसऱ्या दिवशी सकाळी, भाची मांडीवर असताना.

ती धावत आली. अर्कात लोळलेल्या पेशी बघून तिला रडूच फुटलं. पण आता दुसऱ्या आणायच्या कुठून? त्याच धुतल्या आणि देवाचं नाव घेऊन टी पेशी त्यांच्यात सोडल्या.

शुक्रवारी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि किंचाळलीच. फांद्या फुटलेल्या पहारेकरणींभोवती टी पेशींचे घोसच्या घोस लगडले होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार! प्रयोगशाळेची भांडी घासणाऱ्या मामांना तिने हात धरून गरागरा फिरवलं.

"अहो बाई, हातांना साबण आहे माझ्या!"

"असू दे हो!"

मॅडमनी बशी बघितली, पुन्हा बघितली आणि नोंदवही पुढे सरकवली. "काम चालू ठेव. या वेळी वेगळं काय केलंस?"

"मावशी झाले."

"अगं, पण हे पुन्हा करून दाखवावं लागेल."

"ताईला विचारलं. ती म्हणते, इतक्यात नाही."

मॅडम हसता हसता खुर्चीत बसल्या. सोवळीला मात्र एकदम उमगलं. पहारेकरणींना जागं व्हायला तासन्‌तास लागतात, आणि ती दर वेळी त्यांना न्हाऊमाखू घालून परत निजवत होती. तिने वहीत लिहिलं, 'अर्क टाकावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत धुऊ नये.' मामांच्या साबणाचा फेस तिच्या मनगटावरून त्या पानावर उतरला. तिने तो पुसला नाही.