बापाचं डोकं

मुलाचा ताबा कुणाकडे, हे ब्रिस्बेनच्या कोर्टात न्यायाधीश ठरवतात असं लोकांना वाटतं. आम्हा वकिलांना विचारा. कोर्टानं नेमलेली मानसशास्त्रज्ञ बापाला खेळण्यांच्या खोलीत पोराबरोबर बसवते, काचेमागून बघते आणि अहवाल लिहिते. निकाल तिथेच लागतो, न्यायाधीश फक्त वाचून दाखवतात.

माझा पक्षकार सेमिसी. त्याच्याबद्दल कोर्टाच्या मानसशास्त्रज्ञ डॉक्टर क्रेननं लिहिलं: 'वडिलांना खेळण्यातला मुकुट घालता घालता मुलगी दचकून हात मागे घेते. तिला वडिलांची भीती वाटते. मुलीचा रात्रीचा मुक्काम त्यांच्याकडे नको.'

वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सेमिसी पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा, मीही तिथलीच. आमच्यात मूल बापाच्या डोक्याला हात लावत नाही. माझे वडील गेले तेव्हाही मी लावला नव्हता. सहा वर्षांची लोसा खेळाच्या नादातही रीत विसरली नाही, तर हिला त्यात भीती दिसली.

क्रेनबाई साक्षीच्या पिंजऱ्यात आल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. "असेल रीत," त्या म्हणाल्या, "पण मी जे दिसतं तेच लिहिते." लोसाची आई कर्स्टी सात वर्षं आमच्यात नांदलेली, तिला सगळं ठाऊक. ती नखं बघत बसली. न्यायाधीशांनी पुन्हा एकदा पाहणी करायला सांगितलं.

बाहेर कर्स्टीचा वकील डग हसला. "भांडतेस कशाला बाई? पोरीला त्याचे केस विंचरायला लाव. क्रेनबाई खूश. आपण सगळे हेच करतो."

खरंच करतो. चीड त्याचीच आली.

सेमिसीनं विचारलं, "ताई, तिनं हात लावला तर ती माझ्याकडे राहील?"

"राहील."

"आणि नाही लावला तर?"

मी क्रेनबाईंचा अहवाल त्याच्यापुढे सरकवला. तो समजला.

नवा अहवाल आला: 'मुलगी वडिलांचे केस विंचरते. नातं मोकळं आणि प्रेमाचं.' शनिवार-रविवार लोसा बापाकडे, असा निकाल लागला. डगनं माझं अभिनंदन केलं. मी त्याचा हात हातात घेतला नाही.

पहिल्या शनिवारी सेमिसीनं मला जेवायला बोलावलं. अळूच्या पानांत मटण शिजलं होतं. लोसा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, जेवेना.

"बाळा, खा की," सेमिसी म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. "मी तुमच्या डोक्याला हात लावला ना," ती म्हणाली, "मग तुम्ही अजून माझे बाबाच आहात का?"