बाबागाडीतले बटाटे

खरं बोलायला अंगात ताकद लागते, आणि सिसेलच्या अंगात ती उरली नव्हती. बाळ दहा महिन्यांचं झालं होतं आणि तेवढ्या काळात तिला सलग झोप म्हणून मिळाली नव्हती, एवढंच तिच्या बाजूने सांगता येईल. बाकी तिने जे केलं ते केलंच.

लाउरित्स हे तिचं पहिलंच. पोर गुटगुटीत, हसरं, खाण्यापिण्याला शहाणं. काळ्या पावावर लिव्हरचं सारण फासून दिलं की दोन्ही हातांनी मटकवायचं. वावडं काय ते झोपेचं. झोपणार ते आईच्या छातीवर, आई सोफ्यावर आडवी आणि आईचा हात त्याच्या पाठीवर. हात काढला की डोळे टक्क उघडे. आता डेन्मार्कमधलं शहाणं मूल दुपारी झोपतं कुठे, तर बाहेर, बाबागाडीत. थंडी असो की बर्फ पडो, लोकरीची टोपी चढवायची, दुलईत गुंडाळायचं आणि गाडी अंगणात लावून आपण घरात कॉफी प्यायची. ओडेन्समधल्या त्या इमारतीच्या अंगणात रोज दुपारी सायकलींशेजारी गाड्या उभ्या असत आणि आत पोरं ढाराढूर. लाउरित्सला मात्र गाडीत ठेवलं की तो असा टाहो फोडायचा की वरच्या मजल्यावरची बोदिल खिडकी उघडून बघायची.

खोट्याची सुरुवात अगदी नकळत झाली. नोव्हेंबरातल्या एका दुपारी सिसेलने रडणाऱ्या पोराला उचलून आत आणलं आणि गाडी तशीच बाहेर राहिली, पडदा ओढलेली. संध्याकाळी जिन्यात बोदिल भेटली.

"काय गुणी पोर गं तुझं," बोदिल म्हणाली. "मघापासून बघतेय, हूं नाही की चूं नाही."

अगं, गाडी रिकामी आहे, असं म्हणायला सिसेलने तोंड उघडलं. तोंडातून निघालं, "हो ना."

दुसऱ्या दिवशी तिने रिकामीच गाडी बाहेर नेली. वाऱ्याने ती कलंडायला लागली, तेव्हा दुलईखाली बटाट्यांची पिशवी ठेवली आणि लोकरीची टोपी उशीवर अशी टेकवली की लांबून शंका येऊ नये. मग रोज वर येऊन पोराला छातीवर घेऊन ती पडून राहायची. बटाटे मात्र कधी एकदाही रडले नाहीत.

एकदा जिभेला वळण लागलं की ते जात नाही. तपासायला घरी येणाऱ्या नर्सबाईंना ती म्हणाली, बाहेर छान झोपतो. तिच्याबरोबरच बाळंत झालेल्या चौघीजणी दर आठवड्याला कुणा एकीकडे कॉफीला जमायच्या, तिथेही तिने तेच सांगितलं. त्यातल्या एकीने तर, कसं जमवलंस गं, मला शिकव, म्हणून तिचा हात धरला. सिसेलने तिला दुलई कशी गुंडाळायची ते सविस्तर सांगितलं. घरी येताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती बेकरीपाशी थांबून रडली.

नवऱ्याला, त्रोल्सला, सगळं ठाऊक होतं. आधी तो बटाट्यांवरून हसला. मग म्हणाला, "आईला तेवढं कळू देऊ नकोस बाई." त्याची आई म्हणजे ग्रेथे. पोस्टातून निवृत्त झालेली, ताठ कण्याची, दर शुक्रवारी आगगाडीने नातवाला भेटायला येणारी. आल्या आल्या तिची दोन कामं ठरलेली. घरात रेडिओ चालू असला तर कोट काढायच्या आधी तो बंद करायचा. आणि मग म्हणायचं, "आमचा त्रोल्स उणे दहात तीन तास झोपायचा. पापणी नाही हलायची."

हे वाक्य सिसेलला झोपेत विचारलं असतं तरी पाठ होतं, झोप लागली असती तर. रेडिओचंही तिला लागायचं. माझ्या घरातला गोंगाट हिला सोसत नाही, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. येत्या सोमवारी लाउरित्स पाळणाघरात जाणार होता आणि सिसेल तिच्या चष्म्याच्या दुकानात परत कामावर. पाळणाघरात सगळी मुलं जेवली की मागच्या छपराखाली गाड्यांत झोपायची. तिथे मुलं सांभाळणाऱ्या हेलेने नाव नोंदवतानाच विचारलं होतं, "बाहेर झोपायची सवय आहे ना?" आणि सिसेल हो म्हणून बसली होती. खोटं बोलली आई, आणि त्याचं रडू येणार होतं लेकराच्या वाट्याला. छपराखालच्या थंडीत तो टाहो फोडेल आणि सगळे म्हणतील, आज काय झालं बुवा याला, हा तर झोपणारा आहे. त्रोल्स रोज म्हणत होता, फोन करून सांगून टाक. ती रोज म्हणत होती, उद्या.

असा तो शुक्रवार उजाडला. सिसेलने गाडी अंगणात लावली, बटाट्यांवर दुलई सारखी केली आणि वर आली. ग्रेथेची आगगाडी यायला अवकाश होता. तोवर बाबागाडी उचलून आणू, असा नेहमीचा हिशेब. तिने रेडिओ लावला, पोराला छातीवर घेतलं आणि त्याच्याबरोबर तिचाही डोळा लागला.

नेमकी त्या दिवशी ग्रेथे आधीच्या आगगाडीने आली. नातू झोपलाय तर त्याचं तोंड तरी बघू, म्हणून वर न जाता ती थेट अंगणात गेली. पडदा बाजूला केला, टोपी उचलली, दुलईत हात घातला. पुढचं बोदिलने नंतर सगळ्या इमारतीला सांगितलं. म्हातारी ओरडली नाही, काही नाही, तिथल्या ओल्या फरशीवर मटकन खालीच बसली. बोदिल धावत खाली आली, तिनेही गाडीत पाहिलं, आणि दोघींच्या मनात एकच आलं, की पोर कुणीतरी पळवलं आणि वजनाला बटाटे ठेवून गेलं. बोदिलने पोलिसांना फोन लावला. शेजारीपाजारी पायमोज्यांवर बाहेर आले. कुणी सायकलींच्या खोपटात शोधलं, कुणी कचऱ्याच्या डब्यांमागे.

सिसेलला जाग आली ती दारावरच्या थापांनी. लाउरित्सला खांद्यावर टाकून तिने दार उघडलं. दारात सासू उभी, कोट ओला, चिखलाने माखलेला, हातात बटाट्यांची पिशवी. तिने एकदा नातवाकडे पाहिलं. मग हात पुढे करून त्याचं पाऊल मुठीत धरलं आणि सोडेचना. मागे बोदिल फोनवर सांगत होती, "सापडला हो. घरातच होता. नाही, नाही, गाडीत बटाटे होते. बटाटे. आता कसं समजावू तुम्हाला."

दार लागलं. ग्रेथे कोटासकट स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. सिसेल समोर उभी राहिली, परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखी. आता ऐकून घ्यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

"तो कधीच बाहेर झोपला नाही, ग्रेथे," ती म्हणाली. "एक दिवसही नाही. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

"माझा जीव गेला होता तिथे खाली," ग्रेथे म्हणाली. "का केलंस असं?"

"तुझा त्रोल्स झोपायचा म्हणून."

ग्रेथे उठली आणि तिने रेडिओ बंद केला. मग पाठमोरीच बोलायला लागली.

"झोपायचा. तीन तास झोपायचा, ते खोटं नाही. पण आधी रडायचा. तुझा रडतो ना, तस्साच. आमच्या वेळच्या नर्सने बजावलं होतं, उचललंस तर पोराला कायमची खोड लागेल. माझी सासू खिडकीत बसून बघायची, मी जाते का ते. मी अशीच, आमच्या ओट्यापाशी उभी राहायची आणि रेडिओ मोठा करायची. पुष्कळ वेळाने बंद करून बघायची, तर बाहेर शांत. मग सगळे म्हणायचे, काय गुणी पोर." ती वळली. "लोकांना मी पुढचं तेवढं सांगत आले. आता इतकी वर्षं झाली, पण कुठे रेडिओ लागला की मला वाटतं, बाहेर कुणीतरी रडतंय आणि मला ऐकू येत नाही."

सिसेलला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण कडेवर पोर होतं आणि हात दुखत होते. "मला वाटायचं तुला माझं घर आवडत नाही," ती म्हणाली.

"घर कसलं आवडायचंय, पसारा आहे नुसता," ग्रेथे म्हणाली आणि बाहीने नाक पुसलं. "त्या पाळणाघरवालीला आत्ता फोन लाव. माझ्यासमोर."

सिसेलने लावला. सगळं सांगितलं, बटाटेसुद्धा. हेलेने बहुधा हसू दाबलं असावं. "बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "हे बघ, मांडीवर रोज झोपवीन असं काही मी कबूल करणार नाही, पोरं चार आहेत. रडेल तो. पण कुणीतरी गाडीपाशी बसलेलं असेल."

फोन ठेवल्यावर ग्रेथेने कोट काढला आणि हात पसरले. "दे त्याला इकडे. जा, पड जाऊन. मला काही सांगू नकोस, मी एक वाढवलंय."

लाउरित्सने आजीच्या कडेवर जाताच भोकाड पसरलं. सिसेल खोलीत गेली, पलंगावर पडली आणि दोन मिनिटांत उठून दाराशी आली. आता जाऊन घ्यावंच, असं म्हणून तिने कडीला हात घातला.

"मला कळतंय तू दाराशी आहेस," पलीकडून ग्रेथे म्हणाली. "रडतोय तो. पण माझ्याजवळ रडतोय आणि मला ऐकू येतंय. तू झोप."

ती झोपली. कधी झोपली ते तिला कळलं नाही. उठली तेव्हा बाहेर अंधारलं होतं आणि घरभर उकडलेल्या बटाट्यांचा वास होता. स्वयंपाकघरात ग्रेथे खुर्चीत बसली होती, केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले, खांद्यावर लाळेचा मोठा डाग. मांडीवर लाउरित्स टक्क जागा, चमचा आपटत होता.

"झोपला का गं?" सिसेलने विचारलं.

"नाही," ग्रेथे म्हणाली. "अजिबात नाही."