एकतीस वर्षांपूर्वीची पेनल्टी

बाबा गेले, त्यांचा जलदान विधी रविवारी सकाळी अकराला होता आणि त्याच दिवशी चारला अकोला-अमरावती फुटबॉलचा उपांत्य सामना. दोन दिवस शहराला चैन नव्हती. ऑटोंना झेंडे, पानठेल्यावर संघ निवडण्यावरून भांडणं, गल्लीच्या टोकाशी ढोल. मंडपवाल्याने शंभराऐवजी चाळीसच खुर्च्या आणल्या. "बाकीच्या ग्राउंडवर गेल्या ताई, मी का करू?"

बाबा रेफरी होते. एकतीस वर्षांपूर्वी अशाच सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, त्यांनी अकोल्याविरुद्ध पेनल्टी दिली आणि अमरावती जिंकली. अकोल्याकडून खेळणाऱ्या वामनरावांच्या हाताला चेंडू लागला म्हणून दिली. वामनराव मात्र गावभर सांगत राहिले, लागलाच नाही. आईचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं चांदूर रेल्वे, म्हणून बाजारात बाबांना 'अमरावतीचा जावई' म्हणत. बाबा पिशवी या हातातून त्या हातात घेत आणि पुढे चालत.

वामनराव आता अकोल्याचे कोच. ते येतील असं वाटलं नव्हतं. चार खेळाडूंना घेऊन आले. वंदना झाली, आईने ताटात पाणी सोडलं, आदरांजलीची भाषणं सुरू झाली. मला बसवत नव्हतं. मी उगाच पाणी वाटत फिरत होते. वामनरावांनी मला खांबाआड बोलावलं.

"पोरी, लागला व्हता हात."

मी ट्रे खाली ठेवला.

"मले तवाच मालूम व्हतं. तुह्या बापालेबी. पन आज कोनाले सांगू नोको. चारले मॅच हाये, पोट्टे बिथरतीन."

"मी नाही सांगत. तुम्ही सांगा." मी माईककडे बोट केलं.

"मॅच झाल्यावर घरी येतो ना."

"घरी आम्हाला माहीतच आहे, काका."

 वामनराव पुढे गेले, माईक हातात घेतला.

"किसनभाऊनं देल्लेली पेनल्टी बराबर व्हती. हात माहा लागला व्हता. मी खोटं बोललो."

 मागून त्यांच्यासोबत आलेला गोलकीपर म्हणाला, "आजच सांगून राह्यले का, सर?" तो उठून बाहेर गेला. त्याच्यामागे बाकीचे तिघे.

आई उठली. "बसा भाऊ, जेवून जा. पोट्ट्याहिले मी आनतो बलावून."

ती भराभर गल्लीत गेली. वामनराव माईक धरून तसेच उभे होते. मला वाटलं, म्हणावं, काका, पुन्हा एकदा सांगा, बाजारापर्यंत ऐकू जाऊ दे.